घरचा स्टोरेज सर्व्हर, दहा महिन्यांनंतर: डिस्क वारंवार का तुटत होती

गौरीच्या जेवणाला घरी अठरा माणसं होती. गडहिंग्लजहून मामा, निपाणीहून ताई, पुण्याहून धाकटा भाऊ. जेवणं उरकल्यावर आत्या म्हणाली, "तुझ्या आप्पांचं भजन लाव की रे टीव्हीवर." आप्पांच्या भजनी मंडळाच्या ४६ कॅसेटी मी दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर उतरवल्यात. त्या सगळ्यांना कुठूनही ऐकता याव्यात म्हणूनच हा सर्व्हर घेतला. टीव्हीवर फोल्डर उघडला आणि तो रिकामा. एकही फाइल नाही. आत्यानं विचारलं, "पुसलं गेलं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

पुसलं गेलं नव्हतं. डिस्क पुन्हा एकदा सर्व्हरपासून तुटली होती, सहा महिन्यांतली बहुतेक विसावी वेळ. त्या रात्री ठरवलं, आता मुळापर्यंत जायचं. जे सापडलं ते इथं सविस्तर लिहितोय, कारण हाच त्रास सहन करणारे खूप जण आहेत आणि बहुतेकांना दुकानात "डिस्क बदला" एवढंच सांगितलं जातं.

माझी मांडणी साधी आहे. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय'), त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट, म्हणजे घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठीची लिनक्सवर आधारलेली प्रणाली, २ टीबीची अडीच इंची एक्स्टर्नल डिस्क आणि रात्रीच्या बॅकअपसाठी तशीच दुसरी. पाय सेकंड हँड मिळाला. डिस्क फेब्रुवारीत नवी घेतली. घर बेळगावच्या वडगावात. पहिला महिना इतका सुरळीत गेला की मी तीन जणांना हेच घ्यायला सांगितलं. तो सल्ला मागे घेत नाही, पण त्याला आता दोन अटी जोडेन. त्या पुढे येतीलच.

मार्चपासून सुरू झालं. मोठी फाइल कॉपी करताना मध्येच डिस्क 'टक्' करायची, दिवा विझून परत लागायचा आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशी ओळ. दोन सेकंदांत डिस्क परत दिसायची, पण नव्या नावानं. आधी 'एसडीए' होती ती 'एसडीबी' व्हायची, कारण जुनं नाव सांबानं, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटणाऱ्या प्रोग्रामनं, धरून ठेवलेलं असायचं. आणि जिथं डिस्क जोडलेली असायची ती जागा उरायची रिकामी. वरवर पाहणाऱ्याला फोल्डर आहे, आत काही नाही.

यातला धोका मला उशिरा कळला. डिस्क सुटली तरी तो रिकामा फोल्डर मेमरी कार्डावर असतोच, आणि त्यात लिहिताही येतं. एप्रिलमध्ये एका रात्री बॅकअपनं डिस्कऐवजी ३२ जीबीच्या कार्डावरच फाइली ओतल्या. कार्ड तुडुंब भरलं आणि सकाळी ओपनमीडियाव्हॉल्टच्या पानावर लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडायचं. कीबोर्ड जोडून, त्या फाइली हातानं काढून मग सर्व्हर जागेवर आला. आता मी डिस्क काढून त्या रिकाम्या फोल्डरला 'बदलता न येणारा' अशी खूण लावून ठेवलीय. डिस्क जोडलेली असताना काहीच फरक पडत नाही, सुटली तर लिहिणं तिथल्या तिथं अडतं आणि चूक समोर दिसते. बाकी काही केलं नाही तरी एवढं जरूर करा.

माझा पहिला संशय विजेवर होता, आणि वडगावात राहणाऱ्याचा तो असणारच. शेजारी आठ यंत्रमाग आहेत. सकाळी मोटरी सुरू झाल्या की आमचे दिवे क्षणभर मंदावतात. पावसाळ्यात तर लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून मे महिन्यात यूपीएस घेतला. डिस्क तुटायची ती तुटतच राहिली. नंतर विचार केल्यावर पटलं, की चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बाहेर ५ व्होल्टच देतो. मागाच्या मोटरीनं २३० चे २०५ झाले तर त्याला त्याचं काही नाही. यूपीएसचे पैसे वाया गेले असं मात्र म्हणणार नाही. लिहिता लिहिता वीज जाणं हे डिस्कवरच्या फाइल सिस्टिमला सगळ्यात वाईट, आणि जूनपासून ती भीती गेली. पण माझ्या दुखण्याचं औषध ते नव्हतं.

दुसरा संशय डिस्कवर. दुकानात नेली तर त्यांनी आपल्या विंडोज कॉम्प्युटरला लावली, पाच मिनिटं फिरवली आणि म्हणाले, "डिस्क चांगली आहे की ओ. फॉरमॅट मारा, होतंय." फॉरमॅट मारलं, झालं नाही. परत गेलो तर हुबळीच्या सर्व्हिस सेंटरकडे बोट. तिथल्या माणसानं फोनवर सांगितलं, लिनक्सवर लावलीत म्हणून वॉरंटी बसत नाही. हे वॉरंटीच्या कागदावर कुठं लिहिलंय ते दाखवा, एवढंच मी विचारत राहिलो. चार फोन, तीन मेल. शेवटी त्यांनी डिस्क घेतली आणि २६ दिवसांनी बदलून दिली. बदलून मिळणाऱ्या डिस्कवर आपला जुना डेटा येत नाही. माझ्या कॅसेटी लॅपटॉपवर होत्या म्हणून वाचल्या. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नाही त्यांनी वॉरंटीला डिस्क देण्याआधी दहादा विचार करावा.

या वागणुकीचा राग आजही आहे. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: डिस्क चांगली आहे असं दुकानदार म्हणाला ते खरंच होतं. बदलून आलेली डिस्कही नवव्या दिवशी तशीच 'टक्' करून सुटली. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचा, रिपोर्ट काढला तर पाचव्या क्रमांकाचा आकडा, म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, शून्य. १९७, म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, तेही शून्य. १९२ चा आकडा मात्र भराभर वाढत होता. अचानक वीज तुटून डोकं मागं घ्यावं लागलं की तो वाढतो. डिस्क आपल्या परीनं सांगत होती की मला वीज पोचत नाही.

पण वीज कमी पडते म्हणावं तर पाय तसं सांगत नव्हता. सुरुवातीला मी मोबाईलचा चार्जर लावला होता. तेव्हा लॉगमध्ये 'अंडरव्होल्टेज' ची ओळ यायची. पायला मिळणारा व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेला की ती येते. एप्रिलमध्ये ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा त्याचा स्वतःचा अडॅप्टर घेतला आणि ती ओळ कायमची बंद झाली. म्हणून विजेचा मुद्दा मी मनातून काढून टाकला होता. पाच महिने वाया गेले ते इथं.

उलगडा केला पुतण्यानं. तो उद्यमबागेत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. गणपतीसाठी घरी आलेला. मी सगळी कथा सांगितल्यावर त्यानं डिस्कची वायर हातात घेतली, तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाला, "काका, खांब लांब असताना विहिरीच्या मोटरीला बारीक वायर ओढली तर काय होतंय? मोटर घुरघुरते, उचलत नाही. हे तेच की."

वायरवर २८ गेज छापलं होतं (गेजचा आकडा जितका मोठा, तार तितकी बारीक). मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता हिशेब. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वायर एक मीटर, पण वीज जाते आणि परत येते, म्हणून दोन मीटर धरायचे: ०.४२ ओहम. डिस्क फिरायला सुरुवात करताना किंवा जोरात लिहिताना ०.९ अँपियर ओढते असं धरलं, तर वायरीतच ०.३८ व्होल्ट संपतो. पायच्या तोंडाशी ५.० असले तर डिस्कच्या तोंडाशी पोचतात ४.६२. अडीच इंची बऱ्याच डिस्क ५ च्या पाच टक्के खाली, म्हणजे ४.७५ पर्यंतच निभावतात. आणि पाय मोजतो तो स्वतःला मिळणारा व्होल्टेज. वायरीच्या पलीकडच्या टोकाला काय पोचतंय ते त्याला दिसतच नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही.

पुतण्यानं छोटा यूएसबी मीटर आणून वायरीच्या डिस्ककडच्या टोकाला लावला. डिस्क शांत असताना ४.९, कॉपी सुरू केली की ४.६ आणि ४.७ च्या मध्ये झुलायचा. मग आम्ही ३० सेंटिमीटरची, विजेच्या तारा २४ गेजच्या असलेली वायर आणली, २८० रुपये. त्याच कॉपीला मीटर ४.९ च्या खाली उतरला नाही. हिशेबही तेच सांगतो: एवढ्याशा जाड तारेत ०.०५ व्होल्टसुद्धा जात नाही.

नव्या डिस्कच्या डब्यात बारीक वायर टाकणं हा ग्राहकावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. हजारो रुपयांच्या वस्तूत पन्नास रुपये वाचवायचे आणि मग ग्राहकानं महिनाभर हुबळीला फोन करत बसायचं. डब्यावर टीबी लिहितात, वेग लिहितात. वायरीचं गेज कुणी लिहीत नाही. शिवाय ती रुंद चपटी मायक्रो-बी पिन आधीच नाजूक. डिस्क टीव्हीच्या टेबलावर ठेवून वायर खाली लोंबत सोडली की तिच्या स्वतःच्या वजनानं ती सैल होते. मी आता डिस्क आणि पाय एकाच फळीवर ठेवलेत आणि वायर पट्टीनं बांधलीय, ओढ बसू नये म्हणून.

वायर बदलल्यावर कॉपी करताना तुटणं थांबलं. वाटलं, सुटलो. पण सप्टेंबरच्या मध्यात दोनदा, काहीही चालू नसताना पहाटे डिस्क अडकली. इथं माझं मत पुन्हा बदलावं लागलं, कारण सगळा दोष वायरीचा नव्हता. लॉगमध्ये या वेळी 'यूएएस' च्या ओळी होत्या. यूएएस म्हणजे डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत. डिस्कच्या डब्यात साटाचं (डिस्कच्या आतल्या जोडणीचं) यूएसबी करणारी एक चिप असते, आणि काही चिपांना ही पद्धत नीट झेपत नाही. उत्तर अडकतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) वाट बघून डिस्क रिसेट करतो. उपाय असा: 'एलएसयूएसबी' या कमांडनं त्या चिपच्या ओळखीची आकड्यांची जोडी काढायची आणि पायच्या 'सीएमडीलाइन' फाइलमध्ये 'यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स' पुढे ती जोडी लिहून शेवटी 'यू' जोडायचा. ती फाइल एकाच ओळीची राहिली पाहिजे, चुकून एंटर दाबला तर पुढचं वाचलंच जात नाही. मग ती डिस्क जुन्या पद्धतीनं बोलते. वेग थोडा कमी होतो असं म्हणतात, पण फिरत्या अडीच इंची डिस्कवर मला फरक जाणवला नाही.

दुसऱ्या डिस्कचं वेगळंच. पायच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपियरची मर्यादा आहे. रात्री दोनच्या बॅकअपला दोन्ही डिस्क एकदम उठल्या की ती ओलांडली जाणार हे उघड आहे. म्हणून तिला स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब घेतला. पहिला हब स्वस्तातला निघाला आणि उलटा पायलाच वीज देऊ लागला. मेन बंद केली तरी पायचा लाल दिवा मिणमिणायचा. तो परत केला आणि दुसरा घेतला, ज्यात उलटी वीज अडवलेली आहे. हब घेताना हे दुकानातच तपासा, एका मिनिटाचं काम आहे.

जाता जाता आणखी एक. डिस्क राउटरला खेटून ठेवली होती तेव्हा टीव्हीचं वायफाय अडखळायचं. यूएसबी ३ ची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वायफाय चालतं तिथंच, गोंगाट करते, इंटेलनं २०१२ सालीच ते कागदावर मांडलंय. फळी दोन मीटर लांब सरकवली, टीव्ही सुरळीत झाला.

आज कुणी विचारलं तर पाय घ्या असंच सांगेन, त्या दोन अटींवर. फोनचा चार्जर लावायचा नाही. आणि डिस्क अडीच इंची असेल तर डब्यातली वायर पहिल्या दिवशीच बाजूला ठेवून आखूड, जाड वायर आणायची. किंवा सरळ साडेतीन इंची घ्या. तिला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर असतो, पायकडून वीज मागतच नाही. मी पुढच्या वेळी तीच घेईन.

१९ सप्टेंबरनंतर लॉगमध्ये 'डिस्कनेक्ट' ची एकही ओळ नाही. १९२ चा आकडा ६४ वर थांबलाय. दिवाळीत आत्याला तिच्या घरीच फोनवर आप्पांची भजनं लावून दिली, ती दोन तास ऐकत बसली होती. जुनी एक मीटरची वायर मी मधोमध कापून टाकलीय, घरात कुणी चुकून परत लावू नये म्हणून.