ओझर (नाशिक) ते दिल्ली विमानप्रवास, व्हीलचेअर असिस्टन्स: ५ पैकी ३ स्टार

कंपनीचं नाव घेत नाही. मी अजिबात चालू शकत नाही, स्वतःची फोल्डिंग व्हीलचेअर असते. तर बुकिंग करतानाच डब्ल्यूसीएचसी हा कोड टाकायला सांगा, म्हणजे थेट सीटपर्यंत मदत, एजंट लोक सरसकट डब्ल्यूसीएचआर (जिना चढता येणाऱ्यांचा कोड) टाकून मोकळे होतात आणि मग विमानतळावर समजतात की हा जिना चढेल! ४८ तास आधी कळवायचं, स्वतःच्या चेअरचे वेगळे पैसे लागत नाहीत.

ओझरला स्टाफ खरंच भारी. लहान एअरपोर्ट, गर्दी नाही, सिक्युरिटीवाल्यांनी चेअरवर बसूनच तपासलं. विमानातल्या त्या अरुंद चेअरवरून सीटवर घेताना पोरगा म्हणाला, "दादा, कुठं धरू ते तुम्हीच सांगा." हे विचारणारे फार कमी भेटतात हो, बाकीचे डायरेक्ट काखेत हात घालतात. फक्त काउंटरवरची मॅडम सगळं माझ्या भावालाच विचारत होती, "यांना उभं राहता येतं का?" अहो मी इथंच आहे ना.

दिल्लीत मात्र डोकं फिरलं. चेअर विमानाच्या दारापाशी द्या म्हणून टॅग लावून घेतला होता तरी ती बेल्टवर गेली, त्यांच्या खडखड्या चेअरवर बसून तिथवर जावं लागलं आणि आपली आली तर एक फुटरेस्ट वाकलेला. एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधीच पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा रिपोर्ट, लिहून घेतला, तो घ्याच, नंतर कोणी विचारत नाही. फुटरेस्ट आणि कुशन निघत असेल तर काढून सोबत केबिनमध्येच ठेवा.