मावा आलाय: कडुनिंबाचं तेल की निंबोळी अर्क?

जास्वंदीच्या कळ्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की कडुनिंबाचंच काहीतरी फवारायचं, इथवर आपलं एकमत असावं. प्रश्न उरतो तो बाटलीतलं तेल आणायचं की निंबोळ्या भिजत घालायच्या. पुण्यात गच्चीवर माझ्या वीसेक कुंड्या आहेत. तीन वर्षं तेल वापरलं, गेली दोन वर्षं अर्क. (दहा झाडांचा पाला कुजवून करतात त्या दशपर्णी अर्काच्या वाटेला गेलो नाही. महिनाभर रोज ढवळायचं, आणि तो वास सोसायटीत कोण सहन करणार!)

तेलाची सोय मोठी. संध्याकाळी कीड दिसली, लिटरभर पाण्यात पाच मिली घातलं, झालं. अर्थात तेल पाण्यात मिसळत नाही, आधी साबणाच्या पाण्यात घोटावं लागतं. तेही जमलं. पण पंप जरा खाली ठेवला की तेल पुन्हा वर येतं. नळी तळातून ओढते, म्हणजे पहिल्या कुंड्यांना साबणपाणी आणि शेवटच्या मिरचीला जवळपास निव्वळ तेल. माझ्या मिरचीची पानं दुसऱ्या दिवशीच्या उन्हात करपली.

तेही चालवून घेतलं असतं. डिसेंबरात मात्र तेल बाटलीत तुपासारखं थिजतं. बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवली, तरी न विरघळलेली एखादी कणी नोझलमध्ये जाऊन बसतेच. एका संध्याकाळी टाचणीने नोझल कोरता कोरता अंधार पडला आणि मावा होता तिथेच. बरं, हा मावा फोफावतो तोही नेमका अशाच गार, ढगाळ दिवसांत! त्या दिवशी तेलाला रामराम केला.

अर्काला पूर्वतयारी लागते, हे खरं. लिटरला 50 ग्रॅम निंबोळी चूर्ण मी सकाळी चहाआधी भिजत घालतो, संध्याकाळी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून पिळतो, वर चिमूटभर साबणचुरा. गाळण्यात आळस केलात तर नोझल इथेही तुंबेल. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा.

गुण म्हणाल तर दोन्हींत मला फारसा फरक दिसला नाही. कीड लगेच मरत नाही. ती खाणं सोडते, तिला नीट कात टाकता येत नाही, दोन-चार दिवस धीर धरावा लागतो. उन्हात दोन्हींचा जोर ओसरतो, म्हणून फवारणी संध्याकाळीच, पानांच्या खालून.

पिठ्या ढेकणावर मात्र तेल सरस वाटलं. त्या किडीच्या अंगावरच्या मेणचट कापसावरून अर्क ओघळून जातो. तेवढ्यासाठी छोटी बाटली ठेवली आहे, जुन्या टूथब्रशने लावतो. चारच कुंड्या असतील तर तुम्हालाही तेवढी बाटली पुरेल कदाचित.

चूर्ण जुनं घेऊ नका, चिमटीत चोळल्यावर उग्र वास यायला हवा. त्यापेक्षा जूनमध्ये रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तो वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवलेला बरा. झाडणाऱ्या मावशींच्या आधी तेवढं पोचावं लागतं.