रीपर: गणपतीपासून गणपतीपर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. रीपर हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पैसे वसूल आहेत, आणि रेकॉर्डिंगमधल्या कडकडीचा दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. यातलं शेवटचं सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आमच्या कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यात घरच्या घरी भजनं, गाऱ्हाणी, मालवणी गोष्टी रेकॉर्ड करणारे आता पुष्कळ झालेत. आवाज तुटला की यातले बरेच जण सॉफ्टवेअर बदलतात. नव्या सॉफ्टवेअरमध्येही आवाज तुटतो. मग लॅपटॉप बदलायच्या गोष्टी सुरू होतात.

माझ्याकडचं सामान साधं आहे. विंडोजचा मध्यम लॅपटॉप, दोन माइक लागतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), एक कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक माइक आणि वायरवाला हेडफोन. खोली जांभ्याच्या भिंतींची, वर कौलं. पेटी, पखवाज, झांज आणि बुवांचा गळा, एवढंच रेकॉर्ड होतं. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्यांच्या दिवसांत सरावाचंही करतो.

रीपर हे कॉकोस नावाच्या छोट्या कंपनीचं. गाणी वाजवायचा विनॅम्प हा प्रोग्राम ज्याने बनवला तो जस्टिन फ्रँकेल याच्या मागे आहे. २००६ मध्ये १.० आवृत्ती आली. डाउनलोड इतकं लहान की आमच्याकडच्या रेंजमध्येही चहा होईपर्यंत उतरतं. वैयक्तिक वापराचं लायसन्स ६० डॉलर, व्यावसायिक २२५. दिसायला मात्र रुक्ष आहे. मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू. सोबत तयार वाद्यंही फारशी येत नाहीत. ज्याला लूप लावून अर्ध्या तासात गाणं करायचंय त्याने याच्या वाटेला जाऊ नये. ज्याला माइक लावून समोरचा आवाज नीट उतरवायचाय त्याला मात्र यातलं जवळजवळ सगळं उपयोगी पडतं.

आता कडकड. सेटिंगला हात लावायच्या आधी एकच गोष्ट करा: ज्या जागी आवाज तुटला ती जागा पुन्हा वाजवा. टिक प्रत्येक वेळी त्याच मात्रेवर येत असेल तर ती फाइलमध्ये उतरली आहे, म्हणजे घोळ रेकॉर्डिंगच्या वेळीच झाला. जागा बदलत असेल तर फाइल शाबूत आहे आणि फक्त वाजवताना लॅपटॉपची दमछाक होतेय. या दोहोंचे उपाय वेगळे. पण सल्ला देणारे दोन्हीला ‘बफर वाढव’ एवढंच सांगून मोकळे होतात.

बफर म्हणजे काय ते एकदा आकड्यात पाहिलं की पुष्कळ उलगडतं. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने. बफर, म्हणजे एका घासातले नमुने, २५६ ठेवला तर लॅपटॉपला दर ५.३ मिलिसेकंदांनी एक घास तयार ठेवावा लागतो. ६४ ठेवला तर १.३ मिलिसेकंदांत. १०२४ ला सुमारे २१. घास वेळेवर पोचला नाही की तिथे पोकळी पडते, आणि ती आपल्याला टिक म्हणून ऐकू येते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १२ टक्के दिसत असताना आवाज का तुटतो, याचं उत्तर इथेच आहे. तो १२ टक्के म्हणजे सरासरी, आणि सरासरीला एका चुकलेल्या घासाचा पत्ता नसतो.

रीपर मला आवडलं ते इथे. त्यात परफॉर्मन्स मीटर आहे. कंट्रोल, अल्ट आणि पी एकदम दाबलं की उघडतो. एकूण सीपीयूशेजारी ‘आरटी सीपीयू’ असा वेगळा आकडा येतो. दिलेल्या वेळेतला किती वेळ आवाजाच्या कामात गेला, ते हा आकडा सांगतो. कुठल्या ट्रॅकवरचा कुठला इफेक्ट जड पडतोय तेही ट्रॅकवार दिसतं. माझ्याकडे पेटीच्या ट्रॅकवर लावलेला एक फुकटातला रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) एकटाच बाकी सगळ्यांपेक्षा जास्त खात होता. तो काढून रीपरचाच साधा रिव्हर्ब लावला आणि वाजवतानाची कडकड थांबली. जड ट्रॅक काढायचाच नसेल तर फ्रीझ करता येतो, म्हणजे इफेक्टसकट त्याची तयार नोंद करून ठेवता येते.

आणखी एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. रीपर नुसत्या वाजणाऱ्या ट्रॅकचं इफेक्टचं काम थोडं आधीच उरकून ठेवतं, मुळात २०० मिलिसेकंद पुढे. पण ट्रॅक रेकॉर्डसाठी लाल केला की ही सवलत जाते, कारण जो आवाज अजून आलाच नाही त्याच्यावर आधी काम करणार कसं? म्हणून प्रोजेक्ट वाजताना मखमल आणि रेकॉर्डचं बटण दाबलं की कडकड, असा प्रकार दिसतो. उपाय सोपा: रेकॉर्ड करताना त्या ट्रॅकवर इफेक्ट ठेवूच नका, आणि काम नसलेले लाल ट्रॅक साधे करा.

गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून लोक बफर ६४ वर नेऊन बसतात. आपल्या कामाला त्याची गरज नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं, म्हणजे माइकचा आवाज थेट हेडफोनला देण्याचं बटण किंवा खुंटी असते. ती चालू करा आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. बुवांना आवाज थेट इंटरफेसमधून मिळतो, लॅपटॉपची वारी न करता. मग बफर खुशाल ५१२ किंवा १०२४ ठेवा. नोंद उशिरा बसेल ही भीतीही नको. ड्रायव्हर (इंटरफेसला विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) जेवढा उशीर कळवतो तेवढं रीपर मागे सरकवून घेतं. कमी बफर लागतो तो कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवणाऱ्यांना. आणि ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला घेऊच नका.

ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्यांचाच असिओ घ्या. असिओ ही स्टाइनबर्गची १९९७ ची पद्धत, विंडोजच्या मधल्या पायऱ्या टाळून आवाज नेणारी. इंटरफेसचा स्वतःचा असिओ असताना असिओ फोर ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर कशाला? ते ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांच्यासाठी.

हे सगळं करूनही माझ्याकडे एक टिक उरली. रीपरचा मीटर शांत, बफर मोठा, इफेक्ट शून्य, तरी मधूनच टिक. मग लेटन्सीमॉन हा फुकट प्रोग्राम चालवला. विंडोजमधला कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो ते तो दाखवतो. माझ्या यादीत वर निघाला वाय-फायचा ड्रायव्हर. वाय-फाय बंद केलं, टिक गेली. आता रेकॉर्डिंगला बसताना विमानाचं चिन्ह चालू करायचं हा नेम झालाय. तुमच्याकडे ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघेल, नाहीतर बॅटरीचा; प्रत्येक लॅपटॉपची खोड वेगळी. पण रीपर काढून दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तरी ही टिक हटणार नाही. तिचा उगम सॉफ्टवेअरच्या खाली, विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये आहे.

हार्ड डिस्कला मात्र उगाच बोल लावतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची एक मोनो नोंद मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा खाते. दोन माइकचं तासभर भजन म्हणजे साधारण एक जीबी. एवढं तर जुनी डिस्कही झोपेत लिहील. फक्त ती खरंच झोपत नाही ना ते पॉवरच्या सेटिंगमध्ये बघा, आणि रेकॉर्डिंगचा फोल्डर क्लाउडवर चढवायला लावू नका. पॉवरच्या सेटिंगमध्येच यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणं) हेही बंद करा. इंटरफेसची वायर हबमध्ये नको, थेट लॅपटॉपला.

नमुन्यांचा दर इंटरफेस, विंडोज आणि रीपर तिन्हीकडे एकच ठेवा. दर जुळले नाहीत तर एक तर नियमित टिकटिक येते, नाहीतर ४८ ची नोंद ४४.१ ने वाजून सूर जवळजवळ दीड अर्धस्वर खाली उतरतो. काळी दोनचं भजन काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं, आणि पेटीवाल्याचं डोकं फिरतं.

इथपर्यंतचं पुण्यात बसणाऱ्यालाही लागू आहे. पुढचं खास आपलं.

पावसाळ्यात लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर जातो, वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि मघापर्यंत स्वच्छ चाललेलं रेकॉर्डिंग कडकडायला लागतं. विंडोजमध्ये बॅटरीवरची सेटिंग वेगळी असते, तीही हाय परफॉर्मन्सला न्या. काही लॅपटॉप तरीही वेग उतरवतात, तिथे इलाज नाही. बफर १०२४ करून पुढे जायचं. उलट मे महिन्यात प्रोसेसर सतत पूर्ण वेगात ठेवला तर तो तापतो, आणि तापला की स्वतःच हळू होतो. मी मे महिन्यात पहाटे रेकॉर्ड करतो. पंख्याचा आवाजही त्यामुळे टळतो.

इन्व्हर्टरवर येणारी घरघर हा वेगळा विषय. ती सलग असते, तुटक नसते. स्वस्त इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत नसते आणि चार्जरवाटे ती आवाजात शिरते. चार्जर काढला की घरघर गेली, तर रीपरमध्ये काही शोधू नका. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडते, अर्थिंग कमजोर होतं, तेव्हाही हीच तक्रार येते, वायरमनला बोलवा.

फोन माइकच्या वायरजवळ असेल तर फोन यायच्या आधी ‘ड्रर्र ड्रर्र’ येतं. टू-जीवर उतरलेला फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देत प्रसारण करतो, ते वायरीत उमटतं. रेंज जितकी कमी तितकी फोनची ताकद जास्त. गावात हे शहरापेक्षा जास्त ऐकू येतं ते यामुळेच.

आणि कंडेन्सर माइक. जुलैत एका रात्री हेडफोन लावून बुवा म्हणाले, “शेंगदाणे कोण भाजता रे?” आवाज अगदी तसाच, तडतड, मध्येच एखादा फुटका फट. रीपरचा मीटर स्वच्छ, लेटन्सीमॉन स्वच्छ. डायनॅमिक माइक लावला, तडतड गायब. कंडेन्सरच्या आत पातळ पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यात विद्युतभार धरून ठेवलेला असतो. हवेतला दमटपणा आत बसला की हा भार थोडा थोडा निसटतो, आणि निसटताना तडतडतो. माइक बिघडलेला नसतो, ओला असतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवला की पुन्हा ताळ्यावर येतो. डायनॅमिक माइकमध्ये असा भारच नसतो, म्हणून जून ते सप्टेंबर गळ्याला मी तोच वापरतो. १९६६ पासून मंचावर असलेल्या श्युअर एसएम५८ सारखा कुठलाही चालेल.

खारं वारं जॅकवर हिरवट थर चढवतं. वायर हलवली की खरखर होते ती ही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि प्लग दोन-चार वेळा फिरवा. पखवाजाच्या थापेला आवाज फाटतो तो गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायची खुंटी) जास्त असल्यामुळे; सर्वांत जोरदार थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन उतरवा. २४ बिटमध्ये हळू उतरलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

फाइलमध्ये उतरलेली एखादी टिक रीपरमध्ये दोन बाजूंनी कापून, तुकडे एकमेकांवर किंचित चढवून लपवता येते. पेटीच्या लांब सुरात हे खपतं. पण आवाज तुटताना काही नमुने आलेच नसतील तर तेवढा काळच गायब झालेला असतो, आणि पखवाजाच्या चालू लयीत ते लगेच उघडं पडतं. तिथे ओळ पुन्हा गाऊन घ्यावी.

आता घेतलेलं लायसन्स ८.९९ आवृत्तीपर्यंत चालतं, म्हणजे बरीच वर्षं. घेण्याआधी ६० दिवस पूर्ण प्रोग्राम वापरून बघता येतो, काहीही कापलेलं नसतं. तो वापर जूनच्या सुरुवातीला चालू करा. लाइट, दमट हवा, रेंज, सगळ्यांची परीक्षा त्या ६० दिवसांत होते, आणि गणपतीची भजनं घ्यायला हातात दिवसही उरतात.