निळं झाड विकत घेण्याआधी त्याचं मधलं पान बघा

डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या गावी यात्रा भरते. तिथे एका हातगाडीवरून मी साडेपाचशे रुपयांना दोन कुंड्या घेतल्या. एकीत गडद निळ्या पानांची हॅवर्थिया, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं छोटं झाड, दुसरीत पिवळं फूल आलेला कॅक्टस. "फॉरेनची जात आहे ताई, असाच रंग असते," असं गाडीवाला म्हणाला. कपाशीच्या पैशातून हौसेला एवढंच बाजूला निघतं. तुमचे तरी वाचावेत म्हणून लिहिते आहे.

जास्त फसवलं ते फुलाने. दोन महिने ते कोमेजलंच नाही. पाणी शिंपडलं की मिटायचं, सुकलं की उमलायचं. मी शेजारणींना बोलावून दाखवायची. ते निघालं स्ट्रॉफ्लॉवर नावाच्या दुसऱ्याच झाडाचं वाळवलेलं फूल! त्याच्या कागदासारख्या पाकळ्या झाडावरून तोडल्यावरही ओल लागली की मिटतात. ग्लू गनच्या गरम गोंदाने ते शेंड्यावर चिकटवलेलं होतं. मार्चमध्ये उपटलं, तर खालचा शेंडा मऊ आणि तपकिरी. कॅक्टस गेलाच.

इकडे हॅवर्थियाच्या मधून नवं पान आलं, ते हिरवं. सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, निळ्या झाडाले हिरवं पान कसं?" ओला कापूस फिरवला, तर कापूस निळा. रंगाच्या थराने पानाला उजेड मिळत नाही, आणि ही झाडं ज्या छिद्रांतून रात्री हवा घेतात तीही बुजतात. कुंडीतले खडेसुद्धा गोंदाने जखडलेले, बुडाला भोक नाही.

पक्का रंग ओल्या कापसाने सुटत नाही. म्हणून मधली कोवळी पानं, पानांची मागची बाजू आणि मातीवर रंगाचे थेंब आहेत का ते बघा. फुलाच्या बुडाशी गोंदाची चकाकी शोधा. विकणारा एक खडा उचलू देत नसेल, तर ती कुंडी घेऊच नका.

हॅवर्थिया मात्र वाचली. निघाला तेवढाच रंग पुसला, खरवडलं नाही. आपली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून भोकाच्या कुंडीत दोन वाटे जाड रेती आणि एक वाटा माती घातली. पूर्वेच्या खिडकीत, कूलरच्या ओल्या झोतापासून लांब ठेवली. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देत नाही. बाहेरची तीनच पानं आता निळी उरली आहेत.