गॅरेजमधला डीप फ्रीझर: उकाडा सोसला, दमट हवेने घाम काढला

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झालेत म्हणून आता लिहितेय. नवीन वस्तूचा पहिल्या आठवड्यातला रिव्ह्यू मी स्वतःच वाचत नाही, तेव्हा सगळंच छान चालत असतं. तर माझा आडवा, वरून झाकण उघडायचा डीप फ्रीझर आहे, दोनशे लिटरच्या आसपासचा, डिस्प्ले वगैरे काही नाही, बर्फ साचला की हाताने काढायचा. आणि तो घरात नाही, गॅरेजमध्ये आहे. वर पत्रा, दुपारनंतर शटरवर थेट ऊन, आणि दमट दिवसांत हवा अशी की ओला टॉवेल टांगला तर दुसऱ्या दिवशीही ओलाच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जे सांगायचंय त्यातलं बरंचसं फ्रीझरबद्दल नाहीच, गॅरेजबद्दल आहे.

आधी निकाल सांगते. भर उन्हाळ्यात गॅरेजचं तापमान चाळिशी ओलांडून गेलं तरी आत उणे १८ टिकलं. आइस्क्रीमही कडक राहिलं, आणि काही बिघडत असेल तर आधी तेच मऊ पडतं. म्हणजे ज्याची सगळे भीती घालत होते तो उकाडा त्याने झेलला. छळलं ते दमटपणाने, आणि थोडंफार लाइटने.

उकाडा झेलला त्यामागे कारण आहे. घेताना बाकी काही बघितलं नाही तरी चालेल पण मागचा स्टिकर वाचा. त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एसएन म्हणजे १० ते ३२ अंश, एन म्हणजे १६ ते ३२, एसटी १६ ते ३८ आणि टी म्हणजे १६ ते ४३. बाहेरची हवा एवढ्यात असेल तर मशीन नीट चालेल असा त्याचा अर्थ. काहींवर एसएन-टी असं एकत्र असतं, म्हणजे १० ते ४३ पर्यंत सगळं चालतं. उन्हात तापणाऱ्या गॅरेजमध्ये एन क्लासचा फ्रीझर ठेवून मग तो थंड करत नाही म्हणून कंपनीशी भांडण्यात काही अर्थ नाही, त्यांनी स्टिकरवर आधीच हात वर केलेले असतात. टीच घ्या.

आता टी असला तरी तो फुकटात काम करत नाही. हिशोब साधा आहे. खोली २५ अंश असेल तर आत-बाहेर ४३ अंशांचा फरक, गॅरेज ४३ ला गेलं की तोच फरक ६१. उष्णता या फरकाच्या प्रमाणात भिंतींतून आत शिरते, म्हणजे इथेच चाळीस टक्क्यांच्या वर काम वाढलं, आणि ती उष्णता परत बाहेर टाकायची तीही आधीच तापलेल्या हवेत, त्यामुळे कॉम्प्रेसरला प्रत्येक वॅटमागे कमी गारवा मिळतो. दोन्ही मिळून माझ्याकडे उन्हाळ्यात वीज थंडीच्या दिवसांच्या दुपटीजवळ गेली, प्लगला मीटर लावून बघितलंय. लेबलवरच्या वर्षाच्या युनिटशी ताडून बघू नका, आयईसी ६२५५२ नावाचं जे स्टँडर्ड आहे त्यात १६ आणि ३२ अंशांच्या खोलीत मोजतात, तुमच्या पत्र्याखाली नाही. आणि दुपारी कॉम्प्रेसर जवळजवळ सलग चालतो, बंदच होत नाही असं वाटतं. आतलं तापमान जागेवर असेल आणि रात्री तो अधूनमधून थांबत असेल तर तो बिघाड नाही, मेकॅनिकला बोलवायची घाई करू नका.

बाजू गरम लागतात हाही बिघाड नाही. अशा फ्रीझरला मागे जाळी नसते, गरम गॅसची नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणजे फ्रीझरच्या बाजू हाच त्याचा कंडेन्सर, आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग. हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. भिंतीपासून १०-१५ सेंटीमीटर लांब ठेवायचा, बाजूला खोकी, टायर, जुनी गादी टेकवायची नाही. मला एका हुशार माणसाने सल्ला दिला होता की बाहेरून थर्माकोल लाव, गारवा टिकेल. तसं केलं असतं तर त्याचा श्वासच कोंडला असता.

मी लावला तो पंखा. साधा टेबल फॅन, फ्रीझरच्या लांब बाजूवर वारा मारेल असा, दुपारपासून संध्याकाळपर्यंत टायमरवर. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर याने. कॉम्प्रेसर पुन्हा थांबे घ्यायला लागला. आणि गाडी. लांबून आलेली तापलेली गाडी लगेच आत घेऊन फ्रीझरच्या शेजारी लावली की इंजिनची सगळी उष्णता त्याच बंद जागेत सुटते, म्हणून आता गाडी थोडा वेळ बाहेरच थांबते.

आता दमटपणा, म्हणजे मुख्य विषय.

हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २८ च्या आसपास येतो. म्हणजे फ्रीझरचा जो भाग २८ पेक्षा थोडा जरी गार असेल तिथे पाणी सुटणार. बाजू गरम असतात म्हणून त्या कोरड्या, पण झाकण, झाकणाच्या रबराच्या आजूबाजूची पट्टी आणि तळ इथे कंडेन्सर नाही, तिथे सकाळी बघावं तर थेंब. यातला झाकणावरचा घाम पुसला की गेला. रबराजवळचा घाम मात्र कटकटीचा, कारण ते पाणी आतल्या काठावर उतरतं, तिथे गोठतं, बर्फाची बारीक कड तयार होते, मग झाकण पूर्ण टेकत नाही, फटीतून अजून दमट हवा आत, अजून बर्फ, फट अजून मोठी. बाहेरून बघितलं तर झाकण बंदच दिसतं. कागदाची पट्टी रबरात धरून झाकण लावायचं आणि ओढून बघायची, सहज निघाली की त्या जागी फट आहे. मी रबर आणि काठ कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावून घेतली, दमट दिवसांत रोज, एरवी आठवण आली की.

आतला बर्फही दमट हवेनेच वाढतो. त्याच ३२ अंश ८० टक्क्यांच्या हवेत दर घनमीटरला साधारण २७ ग्रॅम पाणी असतं, एसीच्या खोलीत २२ अंश ५० टक्के असेल तर १० ग्रॅमच्या आत. म्हणजे तेच झाकण तेवढाच वेळ उघडलं तरी गॅरेजमध्ये जवळजवळ तिप्पट पाणी आत जायची सोय. आडव्या फ्रीझरचा फायदा इथे दिसतो, गार हवा जड असते, वरून उघडलं तर ती तळाशी बसून राहते. उभ्याचं दार उघडलं की पायावर गार हवा सांडते ती सगळी गेलीच. आणि उभ्यात बहुतेक फ्रॉस्ट-फ्री मिळतात, ज्यात बर्फ वितळवायला हीटर असतो, म्हणजे जितकी दमट हवा आत तितकं हीटरला काम, आणि त्या हीटरची उष्णता पुन्हा कॉम्प्रेसरनेच बाहेर काढायची. घरात जरूर घ्या फ्रॉस्ट-फ्री, गॅरेजसाठी माझं मत आडवा आणि साधा.

बंद केल्या केल्या पुन्हा उघडायला गेलं तर झाकण उघडत नाही, तेव्हा हँडल ओढून तोडू नका. आत गेलेली गरम हवा झटकन गार होऊन आकसते आणि झाकण आत खेचून धरते. मिनिटभर थांबलं की आपोआप सुटतं. उलट असं घट्ट बसत असेल तर खूश व्हा, रबर चांगलं आहे.

बर्फ ५-६ मिलिमीटर झाला की काढायचा. गॅरेजच्या उकाड्याचा एकमेव फायदा इथे, फ्रीझर बंद करून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं की बर्फ भराभर सुटतो. पण बाहेर काढलेला मालही तितक्याच भराभर वितळतो, म्हणून हे काम पहाटे, माल थर्मल बॅगांमध्ये भरून घरात, आणि मगच. सुरी, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, भिंतीच्या आत गॅसच्या नळ्या आहेत, एक भोक पडलं की फ्रीझर संपला. शिवाय हल्ली बऱ्याच फ्रीझरमध्ये गारवा करणारा गॅस आर-६००ए असतो, तो ज्वलनशील आहे.

त्यावरून आठवलं. फ्रीझरमधला गॅस अगदी थोडा असतो, पण गॅरेजमध्ये पेट्रोलचा कॅन, थिनर असलं काही ठेवत असाल तर ते आधी हलवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते, आणि कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे तो सुरू करणारा स्विच, जिथे ठिणगी पडू शकते, तोही जमिनीलगतच.

गंज मात्र लागलाच. खालच्या कडेला, पायांजवळ, जिथे तळाचा घाम ओघळून थांबतो. आता खाली रबरी पायांचा स्टँड आहे त्यामुळे हवा खेळते, पत्र्याला गाडीचं वॅक्स पॉलिश मारते आणि गंजलेल्या जागी टचअप पेंट. वाढ थांबलीये, डाग आहेत. डीह्युमिडिफायर लावून बघावं असं बऱ्याच जणांना सुचतं पण ज्या गॅरेजच्या शटरखालून बोटभर फट आहे तिथे तुम्ही सगळ्या गल्लीची हवा सुकवत बसणार, आणि ते मशीन स्वतः उष्णता सोडतं ते वेगळंच.

लाइटचं सांगायचं राहिलं. दमट जागेत आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, ट्रिप होणं हा खरा धोका, कारण घरात लाइट चालू असतात आणि गॅरेजचा बंद पडलाय हे कळतच नाही. माझ्याकडे एकदा झालं, थोडक्यात वाचलं. आता फ्रीझरला वेगळी लाइन आहे, आणि आत वायरलेस थर्मामीटरचा सेन्सर, उणे १२ च्या वर गेलं की घरात बोंबलतो. त्यात लिथियम सेल घाला, साधे अल्कलाइन एवढ्या थंडीत दम तोडतात. पत्र्याच्या डब्यातून सिग्नल जेमतेम येतो, सेन्सर झाकणाजवळ ठेवला तर बरा मिळतो. बारीक वायरचं एक्स्टेंशन नको, सुरू होताना कॉम्प्रेसर जोरात करंट ओढतो आणि तेवढ्यात व्होल्टेज पडतं. लाइट जाऊन लगेच आला तर कॉम्प्रेसरला पाच मिनिटं तरी विश्रांती हवी, नाहीतर आतलं प्रेशर उतरलेलं नसतं, तो नुसता गुरगुरतो आणि त्याचा ओव्हरलोड स्विच टक करून त्याला बंद करतो, म्हणून टाइम डीले असलेला स्टॅबिलायझर.

लाइट गेल्यावर भरलेला फ्रीझर झाकण न उघडता ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो असं सगळीकडे सांगतात, ते घरातल्या तापमानाला. तापलेल्या गॅरेजमध्ये मी त्यावर विसंबून राहणार नाही. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरली आहे, गळ्यापर्यंत न भरता, कारण बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं. बाहेरगावी जाताना एका वाटीत बर्फ करून त्यावर नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मग वास न घेता सरळ फेकायचं.

पुन्हा घेईन का? घरात जागा असती तर नाही, घरातच ठेवला असता. जागा नाही म्हणून हाच घेईन, टी क्लासचा, पण एक साइज लहान, कारण निम्म्या जागेत मी बाटल्यांचाच बर्फ सांभाळत बसलेय, आणि झाकणाच्या आत दिवा असलेला. रात्री मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून तळाशी हात घालायचा कंटाळा आलाय, आणि तेवढा वेळ झाकण उघडं राहतं ते वेगळंच.