जुन्या सेसना १७२ चे पॅनेल: दोन उपकरणे की सारेच?
इंदूरहून जुने सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान उडवणाऱ्या आपल्या मराठी मालकांपुढे, समोरचे उपकरणांचे पॅनेल नवे करताना, दोन पर्याय असतात. पहिल्यात व्हॅक्यूम पंपावर (हवा ओढून उपकरणे फिरवणाऱ्या पंपावर) चालणारी क्षितिजदर्शक व दिशादर्शक ही उपकरणे काढून त्याच गोल खाचांत गार्मिन कंपनीचे जी-५ हे छोटे इलेक्ट्रॉनिक पडदे बसवतात. क्षितिज दाखवणाऱ्या जी-५ ला स्वतःची बॅटरी असल्याने विमानाची वीज गेली तरी ते चार तासांपर्यंत चालते आणि बाहेरचे क्षितिज न दिसणाऱ्या पावसाळी ढगांत पंप बंद पडण्याचा, मला सर्वांत घातक वाटणारा, धोका उरत नाही. दुसऱ्यात त्याच कंपनीच्या जी-५०० टीएक्सआय या मोठ्या पडद्यासाठी पॅनेल कापावे लागते. चित्र सुरेख दिसते, पण खर्च कित्येक पट. जीपीएसची अचूकता वाढवणाऱ्या भारताच्या गगन उपग्रहप्रणालीचा लाभ मात्र पडद्यापेक्षा त्याला जोडलेल्या जीपीएस संचावर अवलंबून असतो, म्हणून मी जी-५ घेऊन उरलेले पैसे त्या संचावर खर्च करीन.