न लिहिलेल्या लघुप्रबंधाचे ८१ गुण

मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षे मराठी शिकवतो. माझी बी.ए.ची पदवी तीन वर्षांची असून त्यानंतर मी बी.एड्. केले. आमच्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठीची जागा रिकामी होणार असल्याचे २०२४ च्या उन्हाळ्यात कळले. त्या जागेसाठी एम.ए. लागते हे मला माहीत होते. शाळा, वडिलांचे आजारपण आणि शेतीची कामे यांतून दोन वर्षे नियमित वर्गाला बसणे शक्य नव्हते. अशा मनःस्थितीत असताना तालुक्याच्या गावी, एस.टी. स्थानकासमोरच्या मोबाइलच्या दुकानावर, वरच्या मजल्याला लावलेली एका 'अभ्यासकेंद्रा'ची पाटी माझ्या नजरेस पडली. 'नवीन शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षात एम.ए.' असे तिच्यावर लिहिले होते.

त्या ओळीत अर्धे सत्य होते आणि त्या अर्ध्या सत्यानेच माझा घात केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात एका वर्षाची पदव्युत्तर पदवी खरोखरच आहे. परंतु ती चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्या तीन वर्षांच्या पदवीधराला दोन वर्षेच पूर्ण करावी लागतात, आणि तो पहिल्या वर्षानंतर बाहेर पडला तर त्याच्या हाती पदव्युत्तर पदविका येते, पदवी येत नाही. हा फरक केंद्रचालकाला पक्का ठाऊक असणार. मी विचारले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "सर, आता नियम बदललेत. तुमचं बी.एड्. आहे ना, त्याचे क्रेडिट धरून एक वर्ष सूट मिळते." बी.एड्. हा वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मराठीच्या एम.ए.मध्ये एक वर्ष म्हणून कसे धरले जातील, हा साधा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

मी काहीच तपासले नाही असे नाही. पदवी ज्या विद्यापीठाची मिळणार होती ते परराज्यातील एक खासगी विद्यापीठ होते, आणि आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. तेवढ्यावर माझे समाधान झाले. विद्यापीठ खरे असले तरी त्याच्या नावाने बसलेले केंद्र खोटे असू शकते, ही शक्यता मी ध्यानातच घेतली नाही. खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र उघडता येत नाही आणि आपले अभ्यासक्रम ठेक्याने दुसऱ्याला चालवायला देता येत नाहीत, असे आयोगाने वेळोवेळी जाहीर केलेले आहे. म्हणजे सांगली जिल्ह्यातील ती पाटी पाहताच मला परत फिरता आले असते.

मी एकूण ५८,५०० रुपये भरले. त्यात अर्जाचे ५,०००, प्रवेशाचे ३०,०००, 'परीक्षा व प्रकल्पा'चे १५,००० आणि शेवटी पदवी प्रमाणपत्राचे ८,५०० रुपये होते. सगळी रक्कम मोबाइलवरून केंद्रचालकाच्या वैयक्तिक खात्यात गेली, आणि पावत्या मिळाल्या त्या केंद्राच्या नावाच्या, साध्या पावतीपुस्तकातल्या. अभ्यास म्हणून सुतळीने बांधलेले झेरॉक्स नोट्सचे दोन गठ्ठे देण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रविवारी मला बोलावून कोऱ्या उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका एकदमच हातात दिल्या गेल्या आणि त्या घरी लिहून आणायला सांगितले. मी त्या पुस्तकात पाहून लिहिल्या. हे लिहिताना मला अतिशय लाज वाटते, कारण वर्गात नक्कल करताना सापडलेल्या मुलांच्या पालकांना मी स्वतः शाळेत बोलावून घेतलेले आहे.

एप्रिलमध्ये चार गुणपत्रिका आल्या. कागद जाड होता, कोपऱ्यात चकाकणारा होलोग्राम होता आणि खाली क्यूआर कोड होता. तो मोबाइलने उघडला की माझे नाव आणि गुण दाखवणारे एक पान दिसत असे. ते पान विद्यापीठाच्या संकेतस्थळाचे नसून जवळजवळ तशाच नावाच्या दुसऱ्या संकेतस्थळाचे होते, हे पुढे समजले. पण त्या गुणपत्रिकांवर जे उघड्या डोळ्यांना दिसत होते, ते मला त्याच दिवशी दिसले होते. पहिल्या सत्राच्या परीक्षेचा महिना डिसेंबर २०२२ होता आणि चौथ्या सत्राचा मे २०२४. मी त्या केंद्राचा जिना पहिल्यांदा चढलो तो जुलै २०२४ मध्ये. चौथ्या सत्राच्या तक्त्यात शेवटची ओळ होती, 'लघुप्रबंध, १०० पैकी ८१'. मी कोणताही लघुप्रबंध लिहिला नव्हता. त्याचे शीर्षक काय, मार्गदर्शक कोण, यांपैकी काहीही कुठे छापलेले नव्हते. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मागच्या बॅचमध्ये जागा शिल्लक होत्या, तिथे तुमची नोंद बसवली. सगळ्यांचं असंच करतात, सर." मी गुणपत्रिका पिशवीत घातल्या आणि घरी आलो. माझी खरी चूक त्या क्षणी घडली असे मी मानतो.

जूनमध्ये संस्थेने माझी कागदपत्रे पडताळणीसाठी थेट विद्यापीठाकडे पाठवली. ऑगस्टमध्ये आलेल्या पत्रात एकच वाक्य महत्त्वाचे होते: सदर नोंदणी क्रमांक विद्यापीठाच्या अभिलेखात आढळत नाही. मुख्याध्यापकांनी मला दालनात बोलावून ते पत्र माझ्यापुढे ठेवले आणि बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. पदवीची नोंद सेवापुस्तकात अजून झालेली नव्हती, म्हणून माझी नोकरी वाचली. ती झाली असती तर बनावट कागदपत्रे सादर केल्याचा ठपका माझ्यावर आला असता.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा केंद्रचालक जराही घाबरला नाही. तो शांतपणे म्हणाला, "तक्रार कराल तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील, सर. उत्तरपत्रिका घरी बसून कोणी लिहिल्या?" या एका वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे. गिऱ्हाइकाकडून थोडे चुकीचे काम करवून घ्यायचे, म्हणजे तो पुढे तोंड उघडत नाही. मी तीन आठवडे गप्प राहिलो. माझ्याआधी किती जण असेच गप्प राहिले असतील, या विचाराने अखेर मी पत्नीला आणि नंतर मुख्याध्यापकांना सारे खरे सांगितले आणि सप्टेंबरमध्ये पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्याची तरतूद आहे. खात्यावरील व्यवहारांचे उतारे, पावत्या आणि केंद्रचालकाचे व्हॉट्सअॅपवरील संदेश मी तक्रारीला जोडले. उत्तरपत्रिका मी कशा लिहिल्या तेही त्यात नमूद केले.

त्यानंतर मी दूरशिक्षणाने एम.ए.ला रीतसर प्रवेश घेतला, आणि खरी पदवी काय मागते हे तेव्हा मला समजले. प्रवेशाआधीच शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेल्या श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेत, खाते उघडून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून डेब आयडी हा विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक काढावा लागला. सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी तो बंधनकारक आहे, आणि कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे तेही त्याच संकेतस्थळावर पाहता येते. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते. आपल्या राज्यातील नव्या रचनेप्रमाणे दोन वर्षांत ८८ श्रेयांक मिळवायचे असतात, म्हणजे दर सत्राला २२. त्यांत पहिल्या वर्षी संशोधनपद्धतीचे ४ आणि क्षेत्रकार्य किंवा कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक असतात. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६. गृहपाठ वेळेत द्यावे लागतात आणि सत्रान्त परीक्षेला ओळखपत्र घेऊन केंद्रावर बसावे लागते. माझ्या खात्यात आज जे श्रेयांक दिसतात ते मी स्वतः मिळवलेले आहेत. त्या ५८,५०० रुपयांच्या एम.ए.चा तिथे एकही श्रेयांक नाही.

ज्यांच्याकडे अशा एखाद्या केंद्राच्या गुणपत्रिका असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्या नोकरीसाठी किंवा बढतीसाठी कुठेही सादर करू नका. गुणपत्रिकेवर छापलेल्या क्यूआर कोडवर विसंबू नका. विद्यापीठाचा पत्ता आयोगाच्या यादीतून घेऊन आपला नोंदणी क्रमांक परीक्षा विभागाकडून लेखी पडताळून घ्या. सादर केल्या असतील, तर पडताळणीचे पत्र येण्याआधी आपण होऊन आपल्या संस्थेला सांगा. माझ्या तक्रारीनंतर त्याच केंद्रात पैसे भरलेले दोघे जण पुढे आले आहेत; त्यांच्यातली एक अंगणवाडी सेविका आहे, तिने दागिने गहाण ठेवून हप्ता भरला होता. केंद्राची पाटी उतरली आहे, आणि मला आतापर्यंत १२,००० रुपये परत मिळाले आहेत. चौकशी सुरू आहे.

प्रकल्पासाठी मी आमच्या भागातील द्राक्षबागायतदारांच्या बोलीतील शब्दांचा विषय घेतला आहे. खरड छाटणी, फळछाटणी, विरळणी असे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, पण कोणत्या गावात कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतात हे कधी लिहून ठेवले नव्हते. रविवारी सकाळी वही घेऊन बागेत जातो आणि शब्द सांगणाऱ्याचे वय, गाव आणि तारीख प्रत्येक नोंदीसमोर लिहितो. आतापर्यंत चाळीस पाने भरली आहेत.